दारापर्यंत गेलेलं पुस्तक

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात बर्फच बर्फ आहे. रशियातल्या जुन्या गोष्टी माझ्यात आहेत, मराठीत आणलेल्या. त्या गोष्टींत सदान्‌कदा बर्फ पडतो, घोडागाड्या वाट चुकतात, म्हातारे शेगडीजवळ खोकत बसतात आणि कोणाच्या तरी मनाला टोचणी लागते. माझा निळा कापडी पुठ्ठा आता राखेच्या रंगाचा झाला आहे आणि एका जागी सुटलेली शिवण पुन्हा घातलेली आहे. अशी पुस्तकं सहसा रद्दीत जातात. मी गेलो नाही, कारण एका माणसाने माझ्यावर जन्मभर जीव टाकला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सांगता यायची नाही.

माझा जन्म दूरदेशीच्या एका छापखान्यात झाला. तिथे मराठी जाणणारी माणसं मोजकीच होती, तरी माझी अक्षरं सुबक उमटली. जहाजातून मी भारतात आलो आणि पुस्तकांच्या एका गाडीत बसून गावोगाव हिंडलो. भंडाऱ्याच्या कॉलेजसमोर गाडी उभी होती तेव्हा एका किडकिडीत तरुणाने मला उचललं आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. गाडीवाला शेवटी वैतागून म्हणाला, "घेऊन जा बापा आता, नाही तर इथंच संपवशील." तो तरुण म्हणजे ईश्वर रामटेके. घर बौद्ध, देव मानायचा नाही आणि मुलाचं नाव ईश्वर! मित्र चिडवायचे. तो म्हणायचा, "नाव ठेवताना मला कोणी विचारलं होतं?"

माझ्यातल्या गोष्टींत देव पुष्कळ. चर्च, मेणबत्त्या, पाद्री, सगळं आहे. पण ईश्वरला त्याचं काही वाटत नसे. त्याला माझ्यातली माणसं आवडायची. मरताना आपल्या गड्याचं नाव आठवत नाही म्हणून तळमळणारा जमीनदार. ज्याला स्वतः शिक्षा ठोठावली त्याच्याच घरी वाट चुकून मुक्कामाला जाणारा न्यायाधीश. कोंबडी चोरणाऱ्याला पकडून आधी पोटभर जेवू घालणारी आणि मग पोलिसाकडे नेणारी म्हातारी. पुढे लखनौच्या घरी निरंजन वासनिक नावाचे त्याचे स्नेही एकदा कुरकुरले, "रामटेके, अहो यात पानोपानी देव आहे." तेव्हा ईश्वर म्हणाला, "देव बाजूला ठेवा जी, करुणा तेवढी घ्या. ती आपलीच आहे." ते वाक्य ऐकून माझी छाती फुगली होती, हे मी लपवत नाही.

ईश्वरला नोकरी लागली ती थेट लखनौला, दूरसंचार खात्यात. ट्रंकेत चादरींच्या मध्ये बसून मीही आलो. लग्न करून त्याने कमलला आणलं. ती गोष्ट कमल पुढे सगळ्यांना हसून सांगायची. "नवी नवरी म्हणून बसली होती मी. वाटलं, आता काही बोलतील. तं यांनी पेटीतून पुस्तक काढलं आणि मले बर्फातल्या घोड्याची गोष्ट वाचून दाखवली! दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि घरी स्वतःच्या बायकोशी बोलायले पुस्तक लागे."

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण खरी होती. ईश्वरला स्वतःचं बोलता येत नसे. आनंद झाला की तो माझ्यातलं एक पान वाचायचा. कोणी आजारी पडलं की दुसरं. कमलची आई वारली तेव्हा त्याने तिच्याजवळ बसून तिसरंच वाचलं आणि कमल पदर डोळ्याला लावून ऐकत राहिली. माणूस मनाचा लोण्यासारखा मऊ होता. ते लोणी बाहेर मात्र माझ्याच तोंडून यायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा. पुस्तकाला आणखी काय हवं असतं?

जानकीपुरमला त्यांनी घर बांधलं. पावसाळ्यात वर्षावास, म्हणजे धम्मश्रवणाचे तीन महिने, सुरू झाला की दर रविवारी आसपासची मराठी बौद्ध कुटुंबं त्या घरी जमत. पांढरी चादर अंथरलेली, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, उदबत्ती. त्रिसरण-पंचशील व्हायचं, धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं, आणि चहा उकळेपर्यंत ईश्वर मला हातात घ्यायचा.

त्याची वाचायची एक तऱ्हा होती. गोष्टीचं शेवटचं पान आलं की तो थांबायचा, बोट पानात घालून मला मिटायचा आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचा. "आता सांगा, तुम्ही असता तर काय केलं असतं?" प्रत्येकाने उत्तर द्यायचं. लहानांनीसुद्धा. सगळ्यांचं सांगून झाल्याशिवाय शेवट मिळायचा नाही. पोरं शेवटासाठी कासावीस व्हायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

ईश्वरची सगळ्यात लाडकी गोष्ट होती एका दिव्याची. रशियात एक गाव असतं. गावाच्या टोकाला, जिथून उजाड मैदान सुरू होतं तिथे, एका विधवेचं घर असतं. वादळ आलं की शेवटच्या घराने खिडकीत दिवा ठेवायचा, म्हणजे वाट चुकलेल्याला गाव सापडेल, असा तिथला रिवाज. त्या बाईचा एकुलता एक मुलगा भांडणात मारला गेलेला असतो. मारणारा गाडीवान शिक्षा भोगून सुटतो आणि नेमका वादळाच्या संध्याकाळी पायी गावाकडे निघाल्याची खबर येते. बाई उठते, खिडकीतला दिवा काढते आणि टेबलाखाली ठेवते. इथे ईश्वर थांबायचा.

त्याला दोन मुलं होती. मोठा बंटी, धाकटी स्वप्ना. दोघांना मराठी सगळं समजायचं, उत्तरं मात्र हिंदीतून यायची. बंटी दरवेळी म्हणायचा, "मैं तो नहीं रखता दिया. क्यों रखूँ?" आणि स्वप्ना जरा विचार करून म्हणायची, "मैं रख देती. पर खाना नहीं देती उसको." सगळी बैठक हसायची. ईश्वरही हसायचा, स्वप्नाच्या पाठीवर थाप मारायचा आणि मग शेवटचं पान वाचायचा. बाई अंधारात बसते. मग तिला रडू फुटतं, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. इतकं मोठ्याने की शेजारीण धावत येते. दोघी गळ्यात पडून रडतात. मग बाई उठते आणि दिवा परत खिडकीत ठेवते. शेजारीण विचारते, "त्याला माफ केलंस?" बाई म्हणते, "मला माहीत नाही. बाहेर अंधार आहे, तेवढं माहीत आहे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं, पण ईश्वर ते रडण्याचं वाक्य भरभर वाचायचा. त्याला घाई असायची दिव्याची. दिवा खिडकीत ठेवला की त्याचा आवाज भरून यायचा. मुलांनाही मग दिवाच आठवायचा.

मुलं मोठी झाली. बंटी नोकरीला लागला, स्वप्ना कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेली. मित्रांनो, आता मला जे सांगायचं आहे ते माझ्या कुठल्याच पानावर छापलेलं नाही. पण त्याचा एकेक शब्द मला पाठ आहे.

त्याच गल्लीत विपुल नावाचा मुलगा राहायचा, स्वप्नाच्या वर्गातला. मनाने वाईट नव्हता, घाईचा होता. एका दुपारी त्याने तिला कॉलेजातून स्कूटरवर घरी सोडायला घेतलं. पुढचं वळण लांब होतं म्हणून त्याने गाडी उलट्या बाजूने घातली, जशी तिथे रोज शंभरजण घालतात. समोरून विटांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आली. विपुलचा हात मोडला. स्वप्ना घरी आली ती पांढऱ्या कापडात गुंडाळलेली.

मी कपाटात होतो. कमलचा आवाज मी भिंतीतून ऐकला. बंटीचाही ऐकला. ईश्वरचा आवाज आला नाही. तो आल्यागेल्याला पाणी देत होता, मांडववाल्याशी बोलत होता, भंतेजींना फोन करत होता. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरासमोरच्या पार्कात मांडव पडला. सगळी मराठी मंडळी, ऑफिसातली माणसं, गल्लीतले शेजारी, सगळे आले. सर्वांत मागे, हात गळ्यात बांधलेला विपुल आपल्या वडिलांसोबत मान खाली घालून उभा होता. वंदना झाली, श्रद्धांजलीची भाषणं झाली. मग ईश्वर उठला. त्याने मला हातात घेतलं आणि दिव्याच्या गोष्टीचं शेवटचं पान वाचलं. निम्म्या लोकांना मराठी कळत नव्हतं, तरी सगळे चिडीचूप होते. वाचून झाल्यावर त्याने मला मिटलं आणि हिंदीत म्हणाला, "विपुल हमारा ही बच्चा है. मेरे और मेरे परिवार के मन में उसके लिए कोई ग़ुस्सा नहीं है. हमने उसे माफ़ किया."

विपुल धावत आला आणि त्याच्या पायांवर कोसळला. ईश्वरने त्याला उठवून छातीशी धरलं. माणसं हमसाहमशी रडायला लागली. वासनिक म्हणाले, "अशी माणसं आता कुठे मिळतात?" आणि मी, मित्रांनो, ईश्वरच्या दुसऱ्या हातात होतो, आणि मला वाटलं की माझ्या जन्माचं सार्थक झालं. इतकी वर्षं वाचलेली गोष्ट आज एका माणसाने जगून दाखवली होती.

मग मी बंटीकडे पाहिलं. तो पाण्याच्या ड्रमाजवळ उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तोंडात मारल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. कमल बायकांमध्ये बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत काढला नाही.

माणसं गेल्यावर बंटी घरात आला.

"बाबा, आपने मुझसे पूछा?"

"काय विचारायचं?"

"आपने सबके सामने बोल दिया, हमारे परिवार ने माफ़ किया. मैंने नहीं किया है. आई से पूछा आपने? एक बार भी?"

ईश्वर शांतपणे म्हणाला, "अरे, राग धरून स्वप्ना परत येणार आहे का?"

"रोए भी नहीं आप," बंटी म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "बहन चली गई मेरी, और आप मांडव में कहानी पढ़ रहे थे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगत नाही. लहानपणी शेवटच्या पानासाठी माझ्यावर झडप घालणारा तोच मुलगा होता. ईश्वरने मला उचलून कपाटात ठेवलं. कमल दारात उभी होती. ती आत गेली आणि भांडी घासायला लागली.

पुढे बंटीने गोमती नगरला फ्लॅट घेतला. आईला फोन करायचा. बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले असतील अशी वेळ साधून येऊन तिला भेटून जायचा. विपुल मात्र दर सणाला यायचा, ईश्वरच्या पाया पडायचा, गॅसचा सिलिंडर बदलून द्यायचा. कमल त्याला चहा करून द्यायची, कप ठेवायची आणि लगेच आत जायची. त्याच्यासमोर ती कधी बसली नाही. हे ईश्वरच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि त्याने आणू दिलं नाही, कोण जाणे.

पण ईश्वर रडत नव्हता हे खोटं आहे. मला माहीत आहे. कमल पिशवी घेऊन भाजीला गेली की तो दाराला कडी लावायचा आणि मला मांडीवर घेऊन तेच पान काढायचा. वाचायचा नाही. माझ्यावर वाकून हमसून रडायचा, लहान मूल रडतं तसं, तोंडात रुमाल धरून. "स्वप्ने, स्वप्ने गं." त्या पानाचा कागद पाण्याने फुगला, अक्षरं फिकी झाली. कमल यायच्या आत तो तोंड धुऊन पेपर वाचत बसायचा. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मला दारं उघडून ओरडावंसं वाटायचं. पण मला गोष्टी येतात, ओरडता येत नाही.

एका दुपारी त्याने रडून झाल्यावर चष्मा पुसला आणि ते पान पुन्हा वाचलं. सावकाश, बोट ठेवून. रडण्याच्या वाक्यावर त्याचं बोट थांबलं. बाई आधी रडते. शेजारणीच्या गळ्यात पडून रडते. आणि दिवा ठेवल्यावरही ती 'माफ केलं' म्हणत नाही. आयुष्यभर ज्या पानावर त्याचा जीव होता, ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. मग स्वतःशीच म्हणाला, "मी तं एकट्यानंच उरकून टाकलं सगळं."

त्याच सुमारास त्याची छाती दुखायला लागली होती. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी त्याने स्वच्छ सदरा घातला आणि कमलला म्हणाला, "बंटीकडे जाऊन येतो."

कमल पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. इतक्या वर्षांत त्याने त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. "जा ना," ती हळूच म्हणाली. मग तिने त्याच्या काखेत मला पाहिलं. "पुस्तक काहून घेता जी? पोराजवळ चालले तुम्ही, शाळेत नाही."

"असू दे."

"ठेवून जा ना जी. आज एकटेच जा."

"असू दे गं. हातात काही असलं की बरं वाटते."

तिने पुढे आग्रह केला नाही. डब्यात पोळ्या आणि झुणका बांधून दिला, बंटीला आवडतो म्हणून.

ऑटोत बसल्यापासून ईश्वर पुटपुटत होता. "बंटी, माझं चुकलं. तुला विचारायला पाहिजे होतं. आईला विचारायला पाहिजे होतं. मी रडतो रे, मी रोज रडतो." पुन्हा पहिल्यापासून. "बंटी, माझं चुकलं." ऑटोवाल्याला वाटलं साहेब फोनवर बोलत आहेत. त्याने आरशात पाहिलं, कानाला फोन नाही हे बघून तो जरा दचकला आणि गाडी हळू चालवायला लागला. मी ईश्वरच्या मांडीवर होतो. माझ्या पानापानांतून एकच धावा चालला होता, की या माणसाला आज हे एवढं बोलता येऊ दे. मला देवबिव बाजूला ठेवायला शिकवलेलं आहे. त्या दिवशी मी ठेवला नाही.

लिफ्टने वर गेलो. बेल वाजली. बंटीने दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"बाबा? अच्छा... आओ. अंदर आओ."

ईश्वर आत गेला, पण दाराजवळच, चपलांच्या कपाटापाशी थांबला. त्याने डबा पुढे केला. "आईनं झुणका दिला."

"हाँ. ठीक." बंटीने डबा घेतला. बंटीच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले ईश्वरने पहिल्यांदाच पाहिले. त्याचे ओठ हलले. ऑटोत घोकलेलं पहिलं वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. मी अगदी जवळ होतो, मला त्याचा श्वास लागत होता. 'बंटी' म्हणता म्हणताच तो अडला. आणि मित्रांनो, त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं. मला उघडलं.

"बंटी, जरा ऐक. हे शेवटचं पान. यात ती बाई आधी..."

"बाबा, फिर से?"

"नाही, तसं नाही. आपण वाचताना चुकलो होतो. यात ती रडते. बघ, इथं..."

"मुझे नहीं सुनना उसका." बंटी ओरडला नाही. तो थकलेल्या आवाजात बोलला, आणि त्यात राग असता तर बरं झालं असतं. "बाबा, उस औरत को छोड़ो. आपको कुछ कहना है मुझसे? आपको? कहना है तो कहो. मैं सुन रहा हूँ."

दार उघडं होतं, मित्रांनो. मुलाने स्वतः उघडून धरलं होतं. ईश्वरने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याची नजर माझ्या ओळींवरून धावायला लागली, वर, खाली, पुन्हा वर. तो ते वाक्य माझ्यात शोधत होता. 'माझं चुकलं' हे साधे शब्द माझ्या त्या पानावर नाहीत. त्याने पान उलटलं. मला त्या क्षणी फाटून जावंसं वाटलं, त्याच्या हातातून गळून पडावंसं वाटलं. मी जाड कागदाचा, चांगल्या शिवणीचा. नाही फाटलो.

बंटी वाट पाहत राहिला. मग म्हणाला, "नहीं ना? छोड़ो. चाय पियोगे?"

"नको," ईश्वर म्हणाला. "आई वाट पाहत असेल."

त्याने मला मिटलं आणि चपलांच्या कपाटावर ठेवलं. "हे ठेवतो इथं. वेळ मिळाला तं वाच." बंटीने मान हलवली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. बंटीने झुणक्याचा डबा उघडला, वास घेतला आणि बंद केला. मला त्याने हात लावला नाही. येता-जाता किल्ल्या माझ्यावर ठेवायला लागला.

थोड्याच दिवसांनी एका सकाळी त्याचा फोन वाजला. तो बराच वेळ "हाँ आई, हाँ आई" म्हणत राहिला. मग माझ्यावरच्या किल्ल्या ओढून अनवाणीच धावला. वंदनेला बसताना ईश्वरच्या छातीत जोराची कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हे मला नंतर कळलं. माझा माणूस गेला आणि मी बंद फ्लॅटमध्ये चपलांजवळ होतो. त्याच्या पुण्यानुमोदनाला माझ्यातलं पान कोणी वाचलं नाही. वासनिक म्हणे बोलायला उभे राहिले आणि रडत खाली बसले.

जानकीपुरमच्या घराला कुलूप लावून बंटीने आईला आपल्याकडे आणलं. दारातून आत येताना कमलने मला पाहिलं. किल्ल्या बाजूला केल्या. पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

"वाचलं तू?"

"नहीं आई." बंटी तिची पिशवी घेऊन उभा होता. "वो उस दिन भी वही कहानी लेकर आए थे. मैंने कहा, कुछ कहना है तो कहो. कुछ नहीं बोले. आख़िर तक कुछ नहीं बोले."

कमलने मला हातात धरलं. मी आपोआप त्याच पानावर उघडलो. पान फुगलेलं, अक्षरं विरघळलेली. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"रोज रडत होते ते," ती म्हणाली. "मी भाजीले गेली की कडी लावून रडत. एकदा मी पैशाची पर्स विसरली म्हणून परत आली, तं दाराबाहेर ऐकू आलं. मग मी रोजच उभी राहू लागली बाहेर, पायरीवर. त्यांचं रडणं थांबे, मग बेल वाजवत होती मी."

हे मलाही माहीत नव्हतं. दाराच्या आत तो आणि मी, दाराच्या बाहेर ती, आणि मध्ये एक कडी.

बंटी भिंतीला टेकला. "तूने बताया क्यों नहीं, आई?"

"काय सांगू? त्यांना वाटे, आपण रडलो तं मी मोडून जाईन. मले वाटे, मी दार वाजवलं तं त्यांना लाज वाटन. आणि तू तं बोलतच नव्हता." ती बोलता बोलता दाराजवळच खाली बसली. "विपुलले मी अजून माफ नाही केलं. कधी करीन माहीत नाही. पण हे तुले सांगायले पाहिजे होतं मी. तेवढं तं माझ्या हातात होतं ना रे."

बंटी तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि तिच्या मांडीत डोकं घालून रडला. त्याला हवं होतं ते त्याला मिळालं, त्याचे बाबा रडत होते हे कळलं. सांगायला कमलला किती वेळ लागला? चहा गाळायला लागतो तेवढाही नाही. पण ज्याच्या जिवंतपणी हे सांगायला हवं होतं, तो आता उरला नव्हता.

आता बंटी मला वाचतो. अडखळत वाचतो. माझी शिवण त्याने नीट करून घेतली आहे, मला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आहे. मी आता फार चांगल्या स्थितीत आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला आपली गोष्ट सांगतात आणि शेवटी विनवतात, की आमची काळजी घ्या, आम्हाला टाकून देऊ नका. मी तसं काही मागणार नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. मी पुष्कळ चांगल्या गोष्टी सांगितल्या, लोकांना रडवलं, शहाणं केलं असंही म्हणतात. पण मी एका माणसाच्या जिभेची जागा घेतली आणि ती त्याने मला प्रेमाने दिली, म्हणून मला कळलंच नाही की माझ्यामुळे ती अडून राहिली आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. घरी कोणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर आज जा. अडखळलात तरी चालेल, वाक्य अर्धवट राहिलं तरी चालेल. गोष्टी वाचा, जरूर वाचा. पण त्या दारात जाताना मला घरी ठेवून जा.